कुलूप लावलं होतं ना?

ताई, नमस्कार.

मी ४७ वर्षांची आहे. ठाण्यात वर्तकनगरला राहते, रबाळ्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते. त्रास असा की सकाळी मी घर सोडते, पण घर मला सोडत नाही. स्टेशनला जाणारी शेअर रिक्षा कॅडबरी जंक्शनपर्यंत आली की पोटात कालवायला लागतं. गॅस बंद केला ना? कुलूप लावलं ना? आठवायला जावं तर चित्र येतं, पण ते कालचं की आजचं ते सांगता येत नाही. आठवड्यातून दोनदा तरी मी उतरून परत जाते. कुलूप दर वेळी लागलेलं असतं, गॅस दर वेळी बंद असतो.

दिवाळीच्या आधी एकदा मी दूध ठेवून आंघोळीला गेले. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि बाहेर आल्यावर मला गॅसचा वास आला. तसं काही झालं नाही, पण तेव्हापासून हे सुरू झालं. आता निघताना मी गॅसच्या बटणांचा फोटो काढते. मोबाइलमध्ये असे दोनशेच्या वर फोटो झालेत. फोटो बघून बरं वाटतं, मग वाटतं, फोटो काढल्यावर चुकून धक्का लागला असेल तर?

एक किल्ली समोरच्या काकूंकडे असते. ऑफिसला पोचल्यावर मी त्यांना फोन करते. त्या म्हणतात, 'बघितलं गं, सगळं बंद आहे,' आणि माझा दिवस सुरळीत जातो. गेल्या महिन्यात कळलं की त्यातल्या एका दिवशी काकू डोंबिवलीला लेकीकडे होत्या. 'बघितलं' असं तिथूनच सांगितलं होतं!

नवरा चेष्टा करतो, 'हिला ठाण्याला न्यायला पाहिजे,' आणि मग स्वतःच हसतो, 'अरे, आपण तर ठाण्यातच राहतो.' मुलगा म्हणतो, हे ओसीडी आहे, म्हणजे तेच तेच विचार आणि तीच तीच तपासणी करायला लावणारा आजार. मला वेगळीच भीती वाटते. माझ्या आईला शेवटची काही वर्षं आमची नावंसुद्धा आठवत नव्हती. माझंही तसंच सुरू झालंय का? आणि मी नक्की काय करू?

– कॅडबरीवरून परत फिरणारी

* * *

प्रिय मैत्रीण,

तुमच्या समोरच्या काकू मला फार आवडल्या. त्यांच्यावर रागावू नका. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा पुरावा त्यांनीच पुरवलाय, तोही डोंबिवलीत बसून. त्यांच्याकडे येतेच. आधी आईबद्दल बोलू, कारण बाकीचं सगळं पत्र शेवटच्या त्या दोन ओळींसाठी लिहिलंय, असं मला वाचताना वाटलं.

तुम्ही गॅस बंद करायला विसरत नाही. गॅस बंद केल्याचं विसरता. ऐकायला हे सारखंच वाटतं, पण मध्ये ठाणे-पनवेलएवढं अंतर आहे. तुम्ही अकाउंट्स बघता, तर हिशेबच मांडू. दिवाळीच्या आधीपासून आठवड्याला दोन परतीच्या फेऱ्या. उघडं सापडलेलं कुलूप शून्य. चालू सापडलेला गॅस शून्य. स्मरणशक्ती खरोखर जायला लागते तेव्हा हिशेब इतका कोरा राहत नाही. पातेली करपतात, ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकतो, दहा मिनिटांपूर्वी विचारलेलंच परत विचारलं जातं, सुट्टे पैसे मोजताना गोंधळ होतो. आणि बऱ्याचदा हे त्या माणसाच्या आधी घरच्यांच्या ध्यानात येतं. तुमच्या आईच्या बाबतीत पहिल्यांदा कुणाला जाणवलं होतं, आठवून बघा. तुमच्या घरात काळजी फक्त तुम्हाला आहे, बाकीचे विनोद करण्यात रमलेत.

तरी एकदा रक्त तपासून घ्या. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. पंचेचाळिशी ते पन्नाशीच्या मध्ये पाळीचं वेळापत्रक बिघडतं, झोप तुटते, आणि झोप तुटली की लक्ष लागत नाही. आपल्या बायका हे एकमेकींशीसुद्धा धड बोलत नाहीत, मग डॉक्टरांशी काय बोलणार! जाल तेव्हा आईच्या आजाराची धास्तीही बोलून टाका. पोटात ठेवून तिचं काही भलं होत नाही.

आता रोज सकाळी तुमच्या डोक्यात काय होतं ते बघू.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर फिट्स थांबवण्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या अवयवाचा दोन्ही बाजूंचा मोठा भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण पुढची ५५ वर्षं, २००८ मध्ये तो वारला तोवर, त्याच्या आयुष्यात घडलेलं नवं काही त्याच्या लक्षात राहिलं नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं. समोरच्या आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायची. घरी करून बघा, पेन्सिल भलतीकडेच पळते. त्याचंही पहिल्या दिवशी तसंच झालं. पण तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरायला लागला, आणि तरी हे आपण आधी कधी केलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. म्हणजे हाताची आठवण एका खोलीत राहते आणि 'आज काय काय झालं' याची दुसऱ्या. एकीच्या दाराला टाळं लागलं तरी दुसरीतला कारभार चालूच राहतो.

तुम्हाला त्याचा आजार नाही, घाबरू नका. पण वर्षाला अडीचशे वेळा तीच किल्ली त्याच कुलपात फिरवली की ते काम हाताच्या खोलीत जाऊन बसतं. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग आहे, सवयी तिथे मुरतात. एकदा सवय मुरली की रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला कुणी उठवत नाही. त्याच्या लेखी आज नवीन काही घडलेलंच नसतं, मग नोंद कशाची करणार? म्हणून तुम्हाला कुलूप लावल्याचं चित्र आठवतं, पण ते कुठल्या दिवसाचं ते कळत नाही. व्हाउचर आहे, तारीख नाही.

तुमच्या रबाळ्याच्या ट्रेनचंच बघा. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा मी ऐरोलीला एकीच्या घरी जायची. पहिले काही दिवस लेडीज डब्यातल्या बायका माना वळवून फलाट बघत होत्या. आता दिघा येतं, जातं, आणि तुमच्या हातातली भेंडी निवडून होते. आज दिघ्याला गाडी थांबली होती का, असं कुणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, 'थांबलीच असणार.' त्याने तुमची झोप उडत नाही. गॅसच्या बाबतीत मात्र 'बंद केलाच असणार' हे उत्तर तुम्हाला पुरत नाही, कारण दिवाळीच्या आधी तुम्ही एकदा घाबरल्यात.

आणि इथे एक गंमत आहे, वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवशी चूक काय झाली होती? दूध ठेवून तुम्ही आंघोळीला गेलात. घरातून निघताना काही राहिलं नव्हतं, कुलपाचा तर त्यात संबंधच नव्हता. पण भीतीला तपशील कळत नाही. ती हाताला लागेल त्या खुंटीवर लटकते. तुमच्या पत्रात फोटो आहेत, फेऱ्या आहेत, फोन आहेत. दूध ठेवून आंघोळीला जाणं बंद केलं, असं वाक्य मात्र मला सापडलं नाही. ते तेवढं आधी बंद करा. त्या दिवसातून घ्यायचा धडा होता तो एवढाच.

आता परत जाऊन बघण्याबद्दल. साध्या हिशेबाने जितक्या वेळा बघावं तितकी खात्री वाढायला हवी ना? नेदरलँड्समधल्या मार्सेल वान डेन हाउट आणि मेरेल किंट या संशोधकांनी २००३ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर एक गॅसची शेगडी तयार केली. एका गटाला ती शेगडी वीस वेळा चालू करून, बंद करून, बंद झाल्याचं तपासायला लावलं. दुसऱ्या गटाला तेच काम दिव्यांवर करायला दिलं. शेवटी दोघांनाही गॅस एकदा तपासायला सांगून विचारलं, शेवटच्या वेळी कुठली बटणं होती? बरोबर उत्तरं दोन्ही गटांची साधारण सारखीच आली. पण वीस वेळा गॅस तपासलेल्या माणसांची आठवण अंधुक झाली होती, तपशील पुसट झाले होते, आणि स्वतःच्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास ढासळला होता. ही सगळी चांगली धडधाकट माणसं होती बरं का, आजारी कुणी नव्हतं. पडद्यावरची शेगडी काय, असं कुणी म्हणू नये म्हणून २००६ मध्ये कॅनडात खऱ्या स्वयंपाकघरात, खऱ्या शेगडीवर हाच प्रयोग झाला. निकाल तोच. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात दिसलं की ही घसरण सुरू व्हायला वीस वेळा तपासायचीही गरज नाही. दोन ते दहाच्या मध्येच कुठेतरी ती सुरू होते.

म्हणजे शंका आली म्हणून तुम्ही बघता आणि बघितलं म्हणून उद्याची शंका वाढते. मनातलं कर्ज फेडायला तुम्ही रोज नवं कर्ज काढताय, आणि व्याज कुठल्या दराने लागतं ते तुम्हाला मी काय सांगू!

फोटोंचंही तसंच. लिंडा हेन्केल या संशोधिकेने २०१४ मध्ये एका संग्रहालयात दाखवून दिलं की ज्या वस्तूंचे आख्खे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या डोळ्यांनी बघितलेल्या जास्त. कॅमेऱ्याने बघितलं ना, मग मी कशाला बघू, असं मेंदू म्हणत असावा. तुम्ही दोनशे वेळा ओट्यासमोर उभ्या राहिलात, आणि त्या दोनशे वेळा बटणांकडे तुमचा मोबाइल बघत होता.

आता काकू. त्या दिवशी त्या डोंबिवलीत होत्या. कुलूप बघितलं नव्हतं, गॅस बघितला नव्हता, बघणं शक्यच नव्हतं. तुमच्या घराबद्दल त्यांना तुमच्यापेक्षा तसूभरही जास्त माहिती नव्हती. आणि तरी तुमचा दिवस सुरळीत गेला. मग तुम्हाला सकाळी हवं काय असतं? माहिती नक्कीच नाही. ती तर त्या फोनमधून आलीच नाही. तुम्हाला हवा होता तो एक सूर, 'बघितलं गं' मधला. मराठीत खात्री वाटते, खात्री पटते. खात्री दिसली असं कुणी म्हणत नाही. भूक लागते, झोप येते, तशीच खात्री येते आणि जाते. कुलपाची अवस्था कुलपात असते, खात्री मात्र पोटात असते, आणि तुम्ही पोटातली गोष्ट शोधायला रोज कॅडबरीवरून वर्तकनगरला रिक्षा करताय.

माझंही एक कुलूप आहे, म्हणजे गीझर. एकदा तलावपाळीवरून मैत्रिणीला अर्ध्या पाणीपुरीत सोडून मी घरी पळत गेले होते. गीझर बंद होता. मैत्रीण अजून त्या प्लेटचे पैसे काढते. असले विचार येतात म्हणून माणूस वेगळा ठरत नाही. रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कुठलाही आजार नसलेल्या १२४ जणांना विचारलं, तेव्हा जवळपास ८० टक्के लोकांनी असे नको ते, घुसखोर विचार येतात असं सांगितलं. समोरच्या बाकावर शांत बसलेल्या बाईच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, एवढंच.

तुमच्या नवऱ्याच्या डोक्यात मात्र हा विचार येत नसावा, आणि त्याचं कारण त्यांचा मेंदू मजबूत आहे हे नाही. कारण साधं आहे, ते बहुधा आधी निघतात. जो शेवटी निघतो त्याच्या माथी घर. १९९५ मध्ये लोपाट्का आणि रॅकमन यांनी सतत तपासत राहणाऱ्या लोकांवर एक प्रयोग केला. काही गडबड झालीच तर जबाबदारी आमची, असं संशोधकांनी सांगितल्यावर त्या लोकांची तपासायची ओढ उतरली. दार तेच, शेगडी तीच, फक्त ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं. तेव्हा यजमानांना सांगा, आठवड्यातून दोन दिवस त्यांनी शेवटी निघायचं. विनोद त्यानंतर करायचे. कुलूप नेहमी बाईनेच लावायचं आणि त्याची धास्तीही बाईनेच बाळगायची, ही वाटणी कुणी आणि कधी केली, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता उद्यापासून करायचं काय? निघताना गॅस एकदा बघायचा. एकदाच, पण हाताने आणि तोंडाने. बटणावर बोट ठेवायचं आणि मोठ्याने बोलायचं. जपानी रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने म्हणतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये तपासलं तेव्हा दर १०० कृतींमागच्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या. आपल्याकडेही लांबच्या गाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि सहायक एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात. पण तुम्ही रोज नुसतं 'बंद' म्हणालात तर आठ दिवसांत तेही हाताच्या खोलीत जाऊन बसेल. म्हणून त्यावर तारीख घाला. 'सोमवार. पोहे. बंद.' दुसऱ्या दिवशी 'मंगळवार. उपमा जरा लागला. बंद.' कारकुनाला उठवायला एवढं पुरतं. घरातले हसतील, हसू देत.

मग दार ओढायचं, किल्ली फिरवायची, जिना उतरायचा.

कॅडबरी येईल. पोटात कालवेल. नियम एवढाच की तेव्हा आठवायला जायचं नाही. पोहे की उपमा, हेसुद्धा नाही, कारण ते आठवणं म्हणजे मनातल्या मनात परत घरी जाणंच झालं. शंका आली तर तिला म्हणायचं, 'असेल चालू, नसेल चालू,' आणि रिक्षातून उतरायचं नाही. डास चावल्यासारखं आहे हे. खाजवलं की वाढतं आणि हात आवरला की आधी चढतं, मग उतरतं. पहिल्या दिवशी कदाचित ऐरोली गेली तरी उतरणार नाही. पहिले चार-पाच दिवस वाईट जातील, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर बुधवारी तुम्ही मला शिव्या द्याल. सगळं एकदम सोडू नका. आधी फोटो काढणं थांबवा. मग परतीच्या फेऱ्या. फोन सर्वांत शेवटी, तो सर्वांत गोड आहे.

'पण एखाद्या दिवशी खरंच राहिला असेल तर?' राहू शकतो. कधीच राहणार नाही असं मी लिहून देणार नाही. तसं लिहून दिलं तर मीच दुसरी काकू होईन. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, त्याला मुद्दाम वास लावलेला असतो, भिंतीवर वेगळा कॉक असतो, हे सगळं मी तुम्हाला सांगू शकते. ते ऐकून आज बरं वाटेल आणि उद्या कॅडबरीला त्यातलं काहीही कामाला येणार नाही. कॉक आणि नळी एकदा माणसाला बोलावून दाखवून घ्या, नळीवरची तारीख बघा. हे काम वर्षातून एकदाचं.

मुलाने जे नाव दिलंय ते द्यायचा अधिकार त्याचाही नाही आणि माझाही. एक खूण सांगते. या तपासण्या, फेऱ्या आणि आठवण्यात दिवसाचा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जायला लागला, किंवा नोकरी नि घर यांवर परिणाम व्हायला लागला, की डॉक्टरांकडे जायचं. तुम्ही त्या रेषेच्या जवळ आहात, असं मला वाटतं. आठवड्यात दोन फेऱ्या, रोजचा फोन, दोनशे फोटो. बेरीज तुम्हीच करा. जुन्या काळी फ्रान्समधले डॉक्टर याला 'संशयाचं वेड' म्हणत. तेव्हा त्यावर फारसं काही करता येत नव्हतं. आता येतं. वर जे सांगितलं तेच, पण जाणकाराच्या देखरेखीखाली पायरीपायरीने, आणि लागली तर जोडीला औषधं. गोळ्या घ्याव्या लागल्या तर कमीपणा मानू नका. बी-१२ च्या घेताना मानणार आहात का?

राहता राहिली नवऱ्याची चेष्टा. ती मी लहानपणापासून ऐकतेय. पुण्याकडचे येरवडा म्हणतात, विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरी आणि मुंबईवाले ठाणे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि चार प्रदेशांचे चार विनोद. आपल्याच गावातलं ते रुग्णालय शंभर वर्षांहून जुनं आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात माणसं सकाळी केसपेपर काढतात, डॉक्टरांशी बोलतात, गोळ्या घेतात आणि जेवायला घरी जातात. जवळचे खासगी मानसोपचारतज्ज्ञही चालतील. कुणाला भेटायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. तो २०२२ मध्ये सुरू झाला, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. यजमानांना सोबत न्या. 'ठाण्याला' जाणं म्हणजे काय असतं ते त्यांनाही एकदा कळू दे.

आणि काकूंना सांगून ठेवा, की सकाळी माझा फोन आला तर गॅसबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मी विचारलं, विनवलं, रडले तरी 'मला काय माहीत?' एवढंच म्हणायचं. त्यांना ते जमेल का, मला शंका आहे. मायाळू माणसाला खोटं बोलून बरं वाटवणं सोपं जातं, गप्प बसणं जड जातं. म्हणून फोनची वेळच बदला. संध्याकाळी घरी पोचल्यावर, चहा टाकून झाला की करा, आणि डोंबिवलीच्या लेकीचं काय चाललंय ते विचारा. किल्ली मात्र त्यांच्याकडेच राहू दे. वरच्या मजल्यावरचा नळ फुटला तर लागेल.